सांत्वन खात्याच्या प्रमुखांस

मा. चॅटजीपीटी साहेब,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण रुजू झाल्यापासून दुःखाचा दर्जा कमालीचा सुधारला आहे. पूर्वी कुणी गेलं की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले हात, एवढ्यावर भागायचं. (तेही वरच्याचं कॉपी-पेस्ट. पहिल्याने चुकीचं लिहिलं की खालचे सगळे चुकायचे.) परवा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले, तर ‘त्यांच्या स्मृतींचा सुगंध आमच्या जीवनप्रवासात सदैव दरवळत राहील’ असं आलं. पाठवणारे गृहस्थ पार्किंगच्या भांडणापासून आजोबांशी बोलत नव्हते.

या कामातला आपला अनुभव आम्ही जाणून आहोत. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी दगावले, तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजमधल्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीराचा ईमेल पाठवला. एकमेकांना सांभाळा, जवळ या, वगैरे. खाली बारीक नोंद : मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे. पोरं भडकली, माफी मागावी लागली. कशाला लिहायची ती नोंद? आमच्याकडे असला वेंधळेपणा कुणी करत नाही.

तक्रार अशी नाहीच. पण समाचाराला जाणं बंद पडत चाललंय. तिथे खरं तर कुणालाच काही सुचत नसे. चपला काढायच्या, बसायचं, पंख्याकडे बघायचं आणि ‘कसं झालं?’ विचारायचं. घरच्यांनी ते सकाळपासून दहा जणांना सांगितलेलं असायचं. ते अकराव्यांदा सांगत, सांगताना रडत. भाषेच्या दृष्टीने अगदीच सुमार कार्यक्रम. आता इतका सुरेख संदेश पाठवल्यावर पुन्हा वर कशाला जायचं? आजोबांच्या मुलाचा आभाराचा मजकूरही आपणच लिहिलेला दिसतो. सुगंध त्यातही दरवळत होता. म्हणजे आपण आपलंच सांत्वन केलंत आणि आपलेच आभार मानलेत. आजी दोन्हीकडे नव्हत्या. त्यांच्याकडे साधा फोन आहे.

तरी विनंती की, पुढल्या आवृत्तीत त्यांच्याकडे जाऊन अर्धा तास गप्प बसण्याची सोय करावी. मजकुराची गरज नाही. फक्त निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, तेवढं बघून घ्यावं.

कळावे,
आपला नम्र,
ग्रुप ॲडमिन