ट्रॉलीनिवास: नवशिक्यांसाठी

परदेशात माणूस निवृत्त झाला की घराएवढी मोटार घेतो, तिच्यात पलंग, शेगडी आणि कुत्रं बसवतो आणि तळ्याकाठी जाऊन महिना काढतो. याला आरव्ही कॅम्पिंग म्हणतात. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही पांढुर्णा-सौंसरवाले मध्य प्रदेशात राहिलो, त्यामुळे ते धोरण सीमेवरच थांबलं. इच्छुकांनी खचू नये. आपल्याकडे ट्रॉली आहे.

ट्रॉली शक्यतो शेजाऱ्याची असावी. तळाशी अर्धा फूट गव्हाचं कुटार, त्यावर पोती, त्यावर सतरंजी, वर ताडपत्री. या वाहनाला स्प्रिंग नसतात. ती सोय प्रवाशाने आपापल्या अंगात करावी. ट्रॅक्टरच्या बाजूच्या फाळक्याला टेकायचा मान म्हाताऱ्यांचा. मागच्या फाळक्याशी जावई बसवावा, म्हणजे खड्डा आला की आधी त्याला कळेल.

मुक्कामासाठी सौंसर भागातला मोहगावचा जलाशय घ्यावा. फाल्गुनात पाणी मागे हटतं आणि काठावर सपाट, सुकी, अगदी अंगणासारखी जमीन उघडी पडते. तिथे ट्रॉली लावू नये. वर कवच असतं, खाली गाळ. आमची दोन्ही चाकं आसापर्यंत गेली, तेव्हा दुसऱ्या गावच्या ट्रॅक्टरने ओढून काढली आणि मोबदल्यात आमचे अर्धे रोडगे खाल्ले.

परदेशी रिसॉर्टवाले वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तीन जोडण्यांचे वेगळे पैसे घेतात. आपल्याकडे विजेची जोडणी म्हणजे आकडा. तो टाकणं गुन्हा असल्यामुळे इथे फक्त ओळखीपुरतं वर्णन देतो: एक बांबू, एक तार आणि इकडेतिकडे पाहणारा माणूस. पाणी घरून ड्रमात न्यावं. सांडपाण्याची जोडणी म्हणजे टमरेल आणि दिशा. जलाशयाकडे पाठ करून निदान दोनशे पावलं चालावं. त्याच दिशेने दुसऱ्या गावचं टमरेल येत असेल तर ओळख न दाखवता वळावं.

आता मुख्य विषय. रोडग्यांशिवाय केलेला मुक्काम कायद्याने ग्राह्य असेल, समाजात नाही. गहू जाडसर दळलेला हवा. कणीक मोहन घालून घट्ट मळावी, पाऱ्या तूप लावून एकीत एक गुंडाळाव्यात. गोवऱ्या पेटवून त्यांचा इस्तो होऊ द्यावा आणि मग रोडगे त्यात पुरावेत. इथून पुढे कोणीही बोलू नये, कारण प्रत्येकाला रोडगा कधी उलटायचा हे माहीत असतं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असते. एका काकाजींनी दर मिनिटाला उलटून पाहिलं; तो रोडगा शेवटपर्यंत आतून कच्चा राहिला आणि तो त्यांनाच वाढण्यात आला. भाजला की राख झटकून फोडावा, तूप ओतावं, वरण आणि वांग्याची भाजी घ्यावी. राख थोडी राहिली तर तिला चव म्हणावं.

जेवणानंतर स्थळदर्शन करायची ताकद कोणात उरत नाही, म्हणून ते आधी उरकावं. जामसावळीला पिंपळाखाली मारुती चक्क आडवे झालेले आहेत. रोडगे खाल्लेल्या भाविकाला हीच मुद्रा सर्वांत जवळची वाटते. मोहगाव हवेलीत अर्धनारीश्वर आहे. ज्यांना तळं गावातच हवं त्यांनी बैतूलच्या रस्त्याने मुलताईला जावं. तिथून तापी निघते ती अरबी समुद्राकडे, आणि त्याच तालुक्यात उगवणारी वर्धा जाते बंगालच्या उपसागराकडे. भाऊबंदकी इतकी स्वच्छ मिटल्याचं दुसरं उदाहरण या भागात नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळस रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्यावरून सावरगाव दगड मारतं. कथा सांगतात ती एका काठच्या पोराची आणि दुसऱ्या काठच्या पोरीची, पळून जाताना नदीतच मेलेल्यांची. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांना दगडच रुचले. या खेळात माणसं मेली आहेत, म्हणून या एका स्थळाला आम्ही एकही चांदणी देत नाही. त्या दिवशी ट्रॉली रिकामी ठेवावी. ती दवाखान्याच्या कामी येते.

चेकआउटची वेळ ठरलेली नसते. अंधार पडतो, पोरं कुटारात झोपतात, कोणीतरी उरलेल्या इस्त्यावर चहा ठेवतं, आणि फोन वाजतो. शेजारी असतो.

"ट्रॉली कवा आणून देता जी? सकाळी मंडीत संत्रा न्या लागते."

कुटार तसंच राहू द्यावं. संत्र्यालाही तेच लागतं.