आधीच सांगितलं होतं

चुकणाऱ्या माणसाबरोबर दिवस काढता येतात. तो चुकतो, कान पकडतो, विषय मिटतो. खरी पंचाईत असते ती बरोबर असणाऱ्या माणसाची. त्यातही जो इतरांच्या दहा-पंधरा वर्षं आधीच बरोबर असतो, तो कुठल्याही कचेरीला, पलटणीला किंवा घराला परवडत नाही. या जातीचा अस्सल नमुना म्हणजे अमेरिकी लष्करातला बिली मिचेल.

आजोबा मिलवॉकीतलं बडं प्रस्थ, बँका आणि रेल्वे बाळगून असलेलं. वडील पुढे सिनेटर झाले. खुद्द चिरंजीवांचा जन्म फ्रान्समधल्या नीस शहरातला. थोडक्यात, वरिष्ठांना न घाबरण्याची सोय घरातच होती. अठराव्या वर्षी तो सैन्यात गेला आणि १९१८ मध्ये सँ-मिएलच्या लढाईत सुमारे दीड हजार विमानं त्याच्या हुकमतीखाली उडाली. युद्ध संपवून घरी आला तो छातीवर पदकं, हातात छडी आणि डोक्यात एकच गोष्ट घेऊन: युद्धनौकांचे दिवस भरले, यापुढे विमानांचं राज्य.

शहाण्या माणसानं हे वरिष्ठांना हळूच, टप्प्याटप्प्यानं, त्यांनाच सुचलंय असं भासवून सांगितलं असतं. मिचेल ते वर्तमानपत्रांना सांगायचा. या जातीची ही पहिली खूण. ही माणसं साहेबाला पत्र लिहितात तेव्हा त्यांचा सगळा जीव खालच्या ‘प्रत माहितीसाठी’ या ओळीत असतो.

विमानं युद्धनौका बुडवतील या त्याच्या दाव्यावर नौदलाचे मंत्री डॅनियल्स यांनी म्हणे ऐकवलं की, खुशाल बॉम्ब टाका, मी बोडक्यानं जहाजावर उभा राहतो. जहाजावर बॉम्ब टाकायचा दिवस उजाडेपर्यंत सुदैवानं त्यांचं मंत्रिपद गेलेलं होतं. २१ जुलै १९२१ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याबाहेर ‘ऑस्टफ्रीसलँड’ ही जर्मनांकडून मिळालेली युद्धनौका उभी करून ठेवली होती. नौदलाची अट अशी की थोडे बॉम्ब टाका, मग थांबा, आम्ही नुकसान मोजतो, मग पुढचे टाका. मिचेलच्या वैमानिकांनी दोन-दोन हजार पौंडांचे बॉम्ब एकामागोमाग एक सोडले. अर्ध्या तासाच्या आत नौका तळाला. शेजारच्या जहाजावरून बघणाऱ्या काही ॲडमिरलांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात. इथं साध्या माणसानं मान खाली घालून विमान घरी नेलं असतं. मिचेलनं त्या ॲडमिरलांच्या जहाजावरून एक चक्कर मारली. नौका बुडवल्याचं एखादवेळी माफ झालं असतं, चक्कर माफ होण्यातली नव्हती. नौदल मात्र या सगळ्यातून एवढंच शिकलं की अटी मोडल्या गेल्या.

१९२३ मध्ये त्याचं दुसरं लग्न झालं. मधुचंद्राला हवाई बेटं. नवी नवरी समुद्र बघत असताना नवरदेव पर्ल हार्बरच्या संरक्षणातली भोकं मोजत होता. तिथले सेनाधिकारी जनरल समरॉल यांनी त्याची अगत्यानं सरबराई केली आणि त्यानं त्यांच्याच कारभारावर शेरे मारले. पुढे जपान, फिलिपाइन्स आणि आपला हिंदुस्थान. इथं त्यानं वाघ मारले आणि त्यावर ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये लेखही लिहिला. परत जाऊन त्यानं तीनशेहून जास्त पानांचा अहवाल दिला: जपान एक दिवस पर्ल हार्बरवर विमानांनी हल्ला करील, सकाळी साडेसातला. तीनशे पानांच्या अहवालाचं सरकारात जे होतं तेच झालं.

१९२५ साली त्याचा ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा उतरवून, कर्नल करून, त्याला टेक्सासात पाठवण्यात आलं. दूर धाडलं की माणूस गप्प बसतो हा प्रत्येक मुख्यालयाचा भाबडा समज. ३ सप्टेंबरला नौदलाचं ‘शेनांडोआ’ हे हवाईजहाज ओहायोवर वादळात फुटलं आणि चौदा माणसं गेली. दोनच दिवसांत मिचेलनं पत्रकारांच्या हाती सहा हजार शब्दांचं निवेदन ठेवलं. त्यात लष्कर आणि नौदल या दोन्ही खात्यांवर नालायकी, गुन्हेगारी हलगर्जी आणि जवळजवळ देशद्रोहाचा आरोप होता. त्यातला ‘जवळजवळ’ एवढाच काय तो संयम.

२८ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमधल्या एका जुनाट, गोदामवजा इमारतीत कोर्ट मार्शल सुरू झालं. न्यायासनावर बहुतेक सगळे जनरल, विमान चालवणारा एकही नाही. अध्यक्ष कोण? तर तेच सरबराईवाले समरॉल. बचाव पक्षानं हरकत घेतली आणि ते संतापून उठून गेले. आरोप होता ९६व्या कलमाखाली, म्हणजे लष्कराला कमीपणा आणणारं वर्तन. सरकारी पक्षाचं म्हणणं सरळ होतं: मिचेल खरं बोलला की खोटं, हा प्रश्नच नाही. बोलला की नाही, एवढंच सांगा. आणि आरोपी तर आपण बोललो हे सांगायला टपूनच बसलेला! आरोपी आणि कोर्ट यांची पत्रिका इतकी छान क्वचितच जुळते.

साक्षीला आलेले फिओरेलो ला गार्डिया तेव्हा काँग्रेसचे सदस्य होते. या न्यायाधीशांना ते बाहेर सेनापतींचे हुजरे म्हणाले होते. ‘असं म्हणालात का?’ असा जाब विचारताच त्यांनी नकार दिला नाही. जनरल मॅकार्थर यात आहेत हे तेव्हा ठाऊक नव्हतं, अशी पुस्ती मात्र जोडली. मॅकार्थर हा मिचेलचा मिलवॉकीचा जुना स्नेही. तो संपूर्ण खटला तोंड मिटून ऐकत होता. वरिष्ठांवर जाहीर बोलण्यापायी १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी त्यालाच घरी बसवलं. हा रोग जवळ बसल्यानंही लागत असावा.

१७ डिसेंबरला निकाल लागला: दोषी. पाच वर्षं निलंबन, पगार बंद. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी अर्ध्या पगाराची सवलत दिली. मिचेलनं राजीनामा दिला आणि १९३६ मध्ये मरेपर्यंत तो लिहीत-बोलत राहिला.

ऑटो प्रेमिंजरनं १९५५ मध्ये या खटल्यावर चित्रपट काढला. मिचेल झाला गॅरी कूपर, म्हणजे शब्द मोजून, थांबून थांबून बोलणारा सज्जन. अमेरिकेच्या अख्ख्या युद्धखात्याला जे जमलं नव्हतं, ते हॉलिवूडनं केलं: मिचेलला तोलून बोलायला लावलं. चित्रपट बघताना वाटतं, असा माणूस असता तर खटला भरलाच कशाला असता?

७ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानं पर्ल हार्बरवर आली, सकाळी ७.५५ ला. मिचेल हयात असता तर त्या पंचवीस मिनिटांवरून जपानला त्यानं दोन शब्द सुनावले असते. एका बॉम्बफेकी विमानाला त्याचं नाव मिळालं, काँग्रेसनं १९४६ मध्ये सुवर्णपदक दिलं, १९४७ मध्ये स्वतंत्र हवाई दलही झालं. तेव्हा मुलानं अर्ज केला की आता ती शिक्षा तेवढी पुसून टाका. १९५८ मध्ये हवाई दलाच्या सचिवांनी नकार दिला. मिचेल ज्याच्यासाठी भांडला, त्याच हवाई दलाच्या! म्हणणं बरोबर होतं, पण सांगायची ही पद्धत नव्हे, असा त्याचा आशय. नकार लेखी होता. त्यावर सहा हजार शब्दांत उत्तर देणारा मात्र आता कुणी उरला नव्हता.