सतरा माणकांचे नाना

नानांना किती वाजले हे विचारायचं नाही, हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. नवा बिऱ्हाडकरू तेवढा फसतो. नाना शर्टाची बाही दोन बोटं मागे सारतात आणि म्हणतात, "1737."

"अं?"

"बाजीराव दिल्लीवर चालून गेला ना? त्याच साली तिकडे स्वित्झर्लंडात, ल लॉक्ल गावी, अब्राहम फाव्रचं नाव घड्याळजी म्हणून कागदावर चढलं."

तोवर बिचाऱ्याची लोकल चर्नी रोडहून सुटलेली असते.

नानांच्या मनगटावर त्याच फाव्रच्या घराण्याचं घड्याळ आहे, फेवर ल्युबा सी-चीफ. लग्नात सासऱ्यांनी घातलेलं. "कापसाचा सट्टा कोसळून मुंबई बुडत होती, 1865 साल, तेव्हा हे लोक इथे दुकान मांडायला आले. याला म्हणतात छाती!" हे सांगताना त्यांची स्वतःचीच छाती फुगते. 2011 साली टाटांच्या टायटननं ती कंपनी घेतली, तेव्हा नानांनी मजल्यावर पेढे वाटले. मुलगी ओळखीच्या घरात पडली, असा चेहरा.

सकाळी आंघोळ झाली की देवाच्या आधी घड्याळ. अंगठा आणि तर्जनीत चावी धरायची, सावकाश पुढे फिरवायची. कर्र, कर्र. शेवटच्या दोन वळणांना नाना श्वास रोखतात. "पुरे झालं की स्प्रिंगच सांगते. आपल्याला ऐकू यायला हवं." मग घड्याळ स्वतःच्या कानाला, मग जो समोर असेल त्याच्या. मी दूध घ्यायला उठतो, त्यामुळे हा मान बहुधा माझाच. टिकटिक चांगली घाईची असते. घड्याळ मात्र चार मिनिटं मागे. एकदा हे बोललो, तर म्हणाले, "आकाशवाणी पुढे आहे."

आत सतरा ज्वेल आहेत, म्हणजे माणकं, हे नानींना लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. "त्यातली दोन काढून कुड्यांत बसवून द्या," असं त्या तेव्हापासून म्हणताहेत.

निवृत्तीनंतर नानांचा शुक्रवार चोरबाजारात जातो. शोध 1962 सालच्या बिव्हुआकचा, हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या मनगटी घड्याळाचा. लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला उंची गुडघे सांगतात, पण ते असो. तिथे भिंग डोळ्याला लावून नाना एकेका घड्याळाची अब्रू काढतात. "रंगवलंय! सहाच्या खालची 'स्विस मेड'ची अक्षरं बघा, वरातीतल्या घोड्यासारखी तिरकी चाललीत. अहो, तबकडी रंगवली की घड्याळ मेलं."

गेल्या दिवाळीत सी-चीफ साफसफाईला दिलं. घड्याळजीनं ते उघडलं, तबकडी उजेडाकडे धरली आणि सहज म्हणाला, "नाना, ही रंगवलेली आहे. काम जुनं आहे हो, पण रंगवलेली."

तीन दिवस नाना लांब बाह्यांत वावरले. माझ्या कानाला विश्रांती. चौथ्या दिवशी गवार मोडता मोडता नानी म्हणाल्या, "1974 च्या पावसात भिजून आलात, आठवतंय? आत पाणी गेलं होतं. दुरुस्तीहून आणायला कोण गेलं होतं? मी. तबकडीवर हा एवढा डाग. बाबांनी दिलेलं घड्याळ, तुम्हाला लागलं असतं. बारा रुपये जास्त देऊन रंगवून घेतली."

"पन्नास वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सांगतच होतात."

नाना गॅलरीत गेले. बराच वेळ भिंग लावून त्या तिरक्या अक्षरांकडे बघत होते.

परवा खालच्या मजल्यावरच्या नव्या मुलानं जिन्यात वेळ विचारली. बाही मागे सरली. "मशीन स्विस," नाना म्हणाले, "तबकडी गिरगावची. जगात एकच पीस आहे." मग 1737 पासून सुरुवात झाली.

घड्याळात आठ वाजून आठ मिनिटं झाली होती. म्हणजे आठ बारा.