बदकांची वहिवाट

सिॲटल, बुधवार

तीर्थरूप मामंजी यांसी सौ. सूनबाईचा सादर प्रणाम, विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. आपल्या चिरंजिवांनी शिडाच्या होडीतून शर्यती खेळण्याचा व्यासंग पत्करल्याचे आपणांस फोनवरून कळले असेलच. परंतु त्यांच्या कथनात पराक्रमाचा अंश अंमळ अधिक असतो, सबब वस्तुस्थिती आपल्यासारख्या निवृत्त अव्वल कारकुनाच्या दफ्तरी लेखी असावी, या हेतूने हा मजकूर.

शहराच्या ऐन मध्यावर लेक युनियन नावाचे तळे आहे. या तळ्याचा समुद्राशी संयोग होईल, असे भाकीत थॉमस मर्सर नावाच्या गृहस्थाने १८५४ साली केले आणि १९१७ साली कालवा खुलाही झाला. आपल्या रखडलेल्या खामगाव–जालना रेल्वेच्या मानाने हे लोक फारच उतावळे म्हणायचे. या तळ्यात उन्हाळ्यातील दर मंगळवारी संध्याकाळी ‘डक डॉज’ नावाची शर्यत लागते. १९७४ पासूनच्या या प्रघातात सर्वांत कसोशीने पाळला जाणारा नियम असा की, होडीमुळे एकाही बदकाला आपला मार्ग बदलावा लागता कामा नये. लागल्यास कसूर होडीची. माणसांनी परस्परांवर खेकसावे, दोर गुंतवावेत, मधूनच पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना चुकवावे, पण बदकाची वहिवाट अबाधित! आपण हयातभर शेतरस्त्यांचे दावे चाळलेत. वादीने अर्ज नाही, साक्षीपुरावा नाही, नुसते पोहत जाऊन कायमचा हुकूम पदरात पाडून घेतल्याचे उदाहरण आपल्याही पाहण्यात नसावे.

चिरंजिवांची या शर्यतीतल्या एका होडीवर नेमणूक कोणत्या हुद्द्यावर झाली, हे त्यांनी आपणांस सांगितले नसणार. लोणारच्या खाऱ्या तळ्यात मासासुद्धा तग धरीत नसे, तेथे होडीची गोष्टच सोडा. आणि मेहकरात पैनगंगेला घोट्यापेक्षा अधिक पाणी येते ते बहुधा पूर म्हणूनच. तेव्हा नौकानयनाचे ज्ञान त्यांच्याकडून कोणीच अपेक्षिले नव्हते. त्यांना घेतले ते केवळ वजनासाठी. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. तिला तिरके, नागमोडी चढावे लागते आणि प्रत्येक वळणाला शीड ज्या बाजूस कलते तिच्या विरुद्ध काठावर कोणीतरी भारदस्त इसमाने जाऊन बसावे लागते, अन्यथा होडी फार कलते. होडीची तांडेल ही सत्तरीची एक बाई आहे. तिने एक शब्द उच्चारताच, जेवणाची पाने वाढली तरी सोफ्यावरून न हलणारा आपला पुत्र डोक्यावरून फिरणाऱ्या आडव्या दांडीखालून ज्या चपळाईने पलीकडे सरपटतो, ती पाहून मी त्या बाईंना आमच्या घरी काही दिवस मुक्कामास येण्याची विनंती केली आहे.

कालची शर्यत रात्रीच्या पोशाखाची होती. येथे काही मंगळवारी असा वेष ठरवून येतात. लोक खास विकत आणलेले रेशमी पायजमे लेवून आले होते. यांनी मेहकरच्या शिंप्याने शिवलेला पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा चढवला, ज्याची नाडी गुडघ्यापर्यंत लोंबत होती, आणि त्या अस्सलपणापुढे इतरांचे रेशीम निस्तेज झाले. पहिल्या वळणालाच ती नाडी एका कप्पीत अडकली. चिरंजीव जागच्या जागी जखडले, होडी भलतीकडे झुकली, बाईंनी सुरी मागवली. नाडी कापली जाऊ नये म्हणून यांनी जी गयावया केली, तिचे वर्णन सासूबाईंसमोर न केलेले बरे.

तरीही आम्ही पुढे होतो. अखेरच्या टप्प्यावर मात्र एक बदकीण पिल्लांसह समोरून निघाली. बाईंनी तत्काळ सुकाणू वळवले, शीड फडफडून लुळे पडले, मागच्या होड्या निघून गेल्या, आणि बदकीण मात्र मध्येच थबकून पंख साफ करू लागली. “जाय ना वं माय, काहून थांबली?” असे चिरंजीव लेंगा दोन्ही हातांनी धरून विनवीत राहिले.

विजेत्यांना सोनेरी, रुपेरी आणि कांस्य रंगांची बदकाची चित्रे होडीवर चिकटवायला मिळतात. आमच्या वाट्याला काही आले नाही. शर्यतीनंतर सगळ्या होड्या एकमेकींना बांधून मेजवानी होते, तेथे मी नेलेल्या पुडाच्या वड्या होडीहोडीतून पुढे सरकत गेल्या आणि डबा रिकामा परत आला.

शिंप्याकडून आणखी दोन लेंगे शिवून पाठवावेत. नाडीऐवजी इलास्टिक घालण्यास बजावून सांगावे.

आपली आज्ञाधारक,
सूनबाई