लॉस : दोन नग

महाडच्या एमआयडीसीत वीस वर्षं काढलेला माणूस ओळखायला ओळखपत्र लागत नाही. त्याच्या हातात चहा द्यावा. कप तोंडाला लावायच्या आधी तो वाफेकडे बघतो आणि 'पासष्ट' म्हणतो. पुढे डिग्री लावायचीही त्याला गरज वाटत नाही. नांगलवाडी फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारे असे शिफ्ट इन्चार्ज डझनाने सापडतील. त्यातले एक माझ्या शेजारी राहतात आणि गॅलरीत मिरच्या लावतात.

'लावतात' हा माझा शब्द. साहेब म्हणतात, 'सहा कुंड्या रनिंगला आहेत.' प्रत्येक कुंडीवर मार्करने बॅच नंबर. चारमध्ये लवंगी, पाचमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती. दारामागे खिळ्याला लॉगशीट आणि दोरीला बांधलेलं पेन. नाइट शिफ्टला निघताना ते वहिनींना चार्ज देतात : "दोनला पाणी नको. तीनचं पान खालून बघ. पाऊस वाढला तर पाच आत." वहिनी कणीक मळता मळता 'हो' म्हणतात. तेवढ्यावर चार्ज झाला, असं समजायचं.

पण साहेबांचा जीव खरा पर्लाइटवर. माती कालवायचा रविवार एकदा तरी बघावा. डोळ्यांना गॉगल, नाकाला डस्ट मास्क, पायात गमबूट आणि अंगात बनियन. आधी पोत्यात पाणी शिंपडून पर्लाइट ओलं करायचं, कारण त्याची धूळ छातीत जाणं चांगलं नाही. मग तीन घमेली लाल माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, दोन घमेली पर्लाइट. आपली तांबडी माती शेतात गुणाची, पण कुंडीत वरून पाणी घालत राहिलं की विटेसारखी बसते. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मुळांना हवा मिळत नाही, झाड पाण्यात उभं राहून माना टाकतं आणि आपण तहान लागली समजून आणखी तांब्याभर ओततो. "पेशंट बुडतोय आणि तुम्ही त्याला सलाइन लावताय," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. माझी तुळस नुकतीच गेली होती.

पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीची काच. पोटात थोडं पाणी अडकलेलं असतं. साडेआठशे-नऊशे डिग्रीला तापवली की त्या पाण्याची वाफ होते आणि काचेची लाही फुटते. पांढरी, हलकी, भोकाभोकांची. साहेबांचं दुःख असं, की आख्खा सह्याद्री लाव्ह्याचा, समोर रायगड उभा, तरी पर्लाइट विकत आणायचं. आपला लाव्हा बेसाल्टचा, त्यात सिलिका कमी. हे ते इतक्या अपराधी स्वरात सांगतात, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या शिफ्टला तेच होते की काय!

एकदा मात्र साहेबही फसले. कारखान्यात गाळणीसाठी पर्लाइटची पावडर वापरतात. कुणा विक्रेत्याने त्यातलं किलोभर सॅम्पल दिलं. ते मैद्यासारखं बारीक, आणि कुंडीला हवा साबुदाण्याएवढा दाणा. पाण्याबरोबर कुंडीत श्रीखंड झालं. लॉगशीटवर 'बॅच रिजेक्ट, मेश चुकला' अशी नोंद आहे, खाली सही आहे, तारीख आहे. साबुदाण्याएवढं आलं तर ते तरंगतं. जुलैच्या पहिल्या झोडपणीत पांढरे दाणे वर आले आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "वहिनी, उपासाचं सांडलं हो तुमचं!" तेव्हापासून वर खडीचा थर असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? बाजारात कोथिंबिरीबरोबर चार मिरच्या फुकट पडतात. पण साहेबांच्या कंपनीत जे बनतं त्याला इंटरमीजिएट म्हणतात. ड्रम भरतो, सील लागतं, ट्रक हायवेला लागतो. पुढे त्याची कुठली गोळी होते आणि ती कुणाच्या घशाखाली उतरते, हे वीस वर्षांत त्यांनी पाहिलेलं नाही. कुंडीत मात्र बियाण्यापासून ताटापर्यंत सगळा माल त्यांच्या डोळ्यांसमोर. अर्थात ताटापर्यंत तो जातच नाही. मिरची पूर्ण लाल झाल्याशिवाय तोडायची नाही, असा नियम आहे.

परवा पोह्याला बोलावलं होतं. साहेब लॉगशीट घेऊनच बसले. पाच नंबरमध्ये रोजचा लॉस, दोन नग. कारणाच्या रकान्यात आधी 'पक्षी' लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. "बुलबुल येतात," ते म्हणाले. "पक्ष्यांना तिखट लागतच नाही, शास्त्रीय गोष्ट आहे. पण हा पक्षी देठासकट नेतो. आणि फक्त सकाळी, साडेसात ते आठ. मी बसमध्ये असतो तेव्हा."

वहिनी आत कढईत उलथनं जोरजोरात वाजवायला लागल्या.

माझ्या बशीत हिरव्यागार मिरचीचे चार तुकडे होते. बाजारच्या मिरचीला असा वास नसतो. मी त्यांवर हळूच खोबरं ओढलं आणि म्हणालो, "साहेब, जाळी लावून बघा."