वजाबाकी

दामूला पिसवा झाल्याचं आधी माझ्या घोट्यांना कळलं. दामू म्हणजे आमचा बोका. प्रभादेवीत चाळ गेली, टॉवर आला, कोळीण मावशीची पाटी टॉवरच्या फाटकाशी बसू लागली आणि दामू फुगत गेला.

पिसवांची बातमी खालच्या तात्यांपर्यंत पोचली. ते लगेच बाटली घेऊन वर आले. "आमच्या टायगरचं उरलंय. मांजराला काय, निम्मं घाल."

बायकोने बाटलीवरचं नाव डॉक्टरीणबाईंना फोनवर वाचून दाखवलं. परमेथ्रिन. "आधी ती बाटली घराबाहेर काढा!" कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, झटके येतात, जीवही जातो. निम्मं नाही, पाव नाही, थेंबही नाही. तात्या बाटलीसकट जिना उतरले, जरासे दुखावून.

"मांजराचंच औषध देते," बाई म्हणाल्या. "वजन सांगा."

दामू एकटा काट्यावर उभा राहत नाही. पुढचे दोन पाय ठेवतो आणि बाकीचा बोका लादीवर. म्हणून त्याला कडेवर घेऊन मीच चढलो. 84.6. त्यातून माझे 72 वजा. माझं वजन 72 आहे; लग्नापासून मी तेच सांगत आलोय.

"12 किलो 600," मी म्हणालो.

फोनवर शांतता. मग, "बोकाच आहे ना? इकडे घेऊन या."

इकडे म्हणजे परळला, बैलघोड्याला. बाई साकरबाईंच्या नावाचं 1883 सालचं इस्पितळ, पण टॅक्सीवाल्याला 'बैलघोडा'च म्हणावं लागतं. प्रभादेवीहून परळला नेणारा पूल बंद होता, म्हणून टॅक्सी करी रोडवरून फिरली. टोपलीत दामू, टोपलीबाहेर त्याचा आवाज. परळ हे पिसवांचं जुनं माहेरच. 1896 च्या प्लेगानंतर इथल्याच प्रयोगशाळेत संशोधकांनी दाखवून दिलं की रोग उंदरांकडून माणसांत येतो तो पिसवांमुळे. आमच्या पिसवांना या वारशाची जाणीव नसावी.

बाईंनी दामूला टेबलावरच्या काट्यावर दाबून धरलं. 7.8.

"या औषधाचं किलोला किमान 6 मिलिग्रॅम लागतं. मोठ्या पिपेटमध्ये 45, म्हणजे साडेसात किलोपर्यंत. याला एक मोठी आणि जोडीला पिल्लांची 15 ची. तुमच्या आकड्यावर गेले असते तर दोन मोठ्या ओतल्या असत्या." मग त्यांनी मानेमागचे केस फाकवले, खालची पांढरी कातडी दाखवली आणि थेंब बरोबर तिथे सोडले, केसांवर सांडलं तर फुकट, आणि जीभ पोचेल तिथे लावलं तर पोटात. दामूने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं, सगळं मीच केल्यासारखं. "घरातली अंथरुणंही गरम पाण्यात धुवा. अंडी त्याच्या अंगावर थोडी, तुमच्या गादीत जास्त."

केसपेपरवर त्यांनी 7.8 लिहिलं. मग पेन थबकलं. "घरच्या काट्यावर दोघांचं किती म्हणालात?"

"84.6," बायको म्हणाली. मला आठवत नव्हतं.

बाईंनी कोपऱ्यात बारीक अक्षरात वजाबाकी मांडली, हातचा वगैरे घेऊन. 76.8.

पुढचा डोस महिन्याने आहे. विसरायला नको म्हणून केसपेपर बायकोने फ्रिजवर लावलाय. परवा तात्या साखर मागायला आले आणि बराच वेळ तिथेच उभे होते.