लातूरचं पाणी, नांदेडचे बेडूक

लातूरकराला पाणी साठवायला कुणी शिकवू नये. 2016 च्या उन्हाळ्यात टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. तेव्हापासून आमच्या घरात माणसांपेक्षा ड्रम जास्त आहेत आणि ड्रमांपेक्षा डास. माझी सासुरवाडी नांदेडची. गोदावरी दाराशी, विष्णुपुरीचं धरण उशाशी. आयुक्तालय नांदेडला की लातूरला हा वाद 2009 पासून चालू आहे, पण पाणी कुणाचं चांगलं याचा निकाल आमच्या स्वयंपाकघरात कधीच लागलाय. माझ्या विरुद्ध.

बेडूक डास खातो एवढं प्राणिशास्त्र मला येत होतं. तेवढ्या भांडवलावर मी घरीच बेडूक वाढवायचे ठरवले.

पहिल्या मोठ्या पावसानंतर सासऱ्यांच्या शेतावर गेलो. सोयाबीनच्या कडेला डबकं साचलेलं, आणि त्यात एरवी हिरवट असणारे मोठे बेडूक हळद लागल्यासारखे पिवळेधमक होऊन, गळ्याशी निळे फुगे फुगवून ओरडत होते. हे सगळे नर. मी दुसऱ्या दिवशी बादली घेऊन अंडी गोळा करायला लागलो तशी सासऱ्यांनी बांधावरून हाक मारली, "जावईबापू, धोंडी मागायचीय का? पाऊस तर पडला की!"

निम्मी अंडी नांदेडला मेव्हण्याच्या पोराला दिली, शाळेच्या प्रकल्पासाठी. निम्मी लातूरला आणली. दोन्हीकडे पिल्लं निघाली. मग मेव्हण्याने पाणी बदललं, नळाचं, अगदी ताजं, आणि संध्याकाळपर्यंत नांदेड शाखा बंद पडली. ताज्या पाण्यातलं क्लोरीन या पिल्लांच्या कल्ल्यांना सोसत नाही. आमच्या ड्रममधलं पाणी इतके दिवसांचं शिळं, की क्लोरीन कधीच उडून गेलेलं. इतिहासात प्रथमच लातूरचं पाणी नांदेडच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं होतं. मी हे फोन करून सासुरवाडीला कळवलं. त्याचे परिणाम इथे सांगण्यासारखे नाहीत.

बेडूकमाशांना उकडलेला पालक घालतात असं कुठेतरी वाचलं होतं. घातला. पालक तसाच राहिला आणि पिल्लं मात्र रोज कमी व्हायला लागली. आधी मांजरावर संशय घेतला, मग कावळ्यावर, मग शेजारच्या पोरावर. ड्रमला जाळी बांधली तरी गळती थांबेना. उरलेली दिवसेंदिवस गुबगुबीत होत होती, याचा अर्थ एखाद्या शहाण्या माणसाला लगेच लागला असता. मला तो एका पिल्लाच्या तोंडातून सख्ख्या भावाची शेपटी लोंबताना दिसली तेव्हा लागला. या जातीची पिल्लं जन्मतः मांसाहारी. दुसरं काही मिळालं नाही तर एकमेकांना खातात. आमच्याकडेही बांधावरून भाऊबंदकी चालते, पण तिथे निदान तहसीलमध्ये तारखा तरी पडतात.

जे मोजके पैलवान उरले त्यांना पाय फुटले. या वेळी कल्ले जातात, फुप्फुसं येतात आणि चढायला जागा नसेल तर बेडकाचं पोर चक्क पाण्यात बुडून मरतं. मी धावत वीट आणून टाकली. शेपट्या विरल्या, आणि विटेवर बोटाच्या पेराएवढे बेडूक येऊन बसले. आता माझ्या योजनेला फळ येणार होतं.

पण बेडकाला हलतं तेवढंच अन्न दिसतं. अंड्याचा बलक, खिम्याचा कण, सगळं त्यांच्या नाकासमोर पडून राहिलं. दोऱ्याला तुकडा बांधून त्यांच्यापुढे नाचवत बसलो, तेव्हा दारासमोरून जाणारे ओळखीचे लोक थांबून गेले, बोलले मात्र काही नाहीत. डास पकडावेत तर डास माझ्या हाती लागेनात. शेवटी मोरीत एक बादली उघडी ठेवली आणि तिच्यात डास होऊ दिले.

नेमकी त्याच आठवड्यात डेंग्यूच्या सर्वेक्षणाची ताई आली. बादलीत टॉर्च मारून तिने विचारलं, "सर, हे मुद्दाम केलंय?" मी खरं कारण सांगितलं. तिने वहीत काय लिहिलं ते दाखवलं नाही. बायको म्हणाली, "डास मारायला बेडूक आणलाव, आता बेडकासाठी डास पाळायलाव!"

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने उरलीसुरली हौस फेडली. एकेकाळी आपल्याकडून बेडकाच्या तंगड्या वर्षाला हजारो टन परदेशी जात. 1987 मध्ये ती निर्यात बंद झाली. आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा या बेडकालाही लागू आहे, हे सांगून त्याने चहा अर्धा ठेवला आणि निघाला. आम्ही त्याच रविवारी नांदेड गाठलं आणि बेडूक जिथून आणले त्याच डबक्यात सोडले.

तुमच्या घरी डास असतील तर आठवड्यातून एकदा ड्रम घासून कोरडा करा. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात. आणि बेडूक हवे असतील तर बांधाकडेचं डबकं बुजवू नका. बाकीचं ते बघून घेतात, आपल्यापेक्षा बरं.